शेरवानी सोडून काहीही घ्या

कपडे भाड्याने द्यायला लागलं की एक गोष्ट कळते. कपडा जातो, परत येतो, ड्रायक्लीनरकडे जातो आणि इस्त्री होऊन पुन्हा हँगरला लागतो. त्याच्याबरोबर आलेला किस्सा मात्र कोणी परत नेत नाही, तो आपल्याकडेच राहतो. आमच्याकडे सात महिन्यांत इतके साठलेत की कपड्यांना कपाट पुरतं, किस्स्यांना पुरत नाही.

धंदा माझा नाही, माझ्या मोठ्या बहिणीचा, मनीषाताईचा. विरारजवळ बोळिंजच्या फ्लॅटमध्ये आई, ताई आणि मी राहतो, तिथल्या मागच्या खोलीत तिने तो सुरू केला. नाव ठेवलं 'मिरव'. मी संदेश, सगळ्यात धाकटा. नववीत शाळा सोडली, मग हाताला लागेल ते काम केलं, त्यातलं काहीच टिकलं नाही.

आमच्या दोघांच्या मध्ये एक होता. निलेशदादा. लग्नाला एकवीस दिवस राहिले असताना त्याला ताप आला आणि पाचव्या दिवशी तो गेला. हॉल ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. महिन्याभराने मुलीकडच्यांनी आम्ही दिलेलं सगळं परत पाठवलं. शालू, पैठणी, लेहेंगा, लाल गाऊन, सगळं ब्लाउजसकट. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण न झालेल्या लग्नाचे कपडे आमच्या घरात येऊन पडले, आणि दादाची शेरवानी तिथे होतीच. मोतिया रंगाची. ट्रायलला एकदाच घातलेली.

बाकीचे कपडे भाड्याने द्यायला माझी हरकत नव्हती. ताईला शेरवानीही द्यायची होती. मला द्यायची नव्हती. आमचं भांडण एवढंच, आणि हे सगळे किस्से त्या भांडणाच्या आजूबाजूला घडलेले आहेत.

*

सुरुवातीला ताई खोलीचं दार लावून आत काहीतरी करायची. मला संशय आला की ही कपडे ऑनलाइन विकतेय. दार ढकललं तर बाई जमिनीवर चादर अंथरून पैठणीचे फोटो काढत होती.

"विकत नाहीये," ती म्हणाली. "दोन दिवसांसाठी देणार. लोक लाखाचा लेहेंगा घेतात, एकदा घालतात, मग आयुष्यभर त्यात डांबरगोळ्या ठेवतात."

पहिलं गिऱ्हाईक आलं मिठागराच्या बाजूच्या एका गावातली मावशी, मुलीसाठी. शालू उलटा केला, सुलटा केला, काठ दातांनी चावून बघायचा तेवढा राहिला. मग विचारलं, "कोनी घातला व्हता आधी?"

ताईने अभिमानाने सांगितलं, "कोणीच नाही. कोरा आहे."

मावशीचा चेहरा पडला. कोरा शालू कोण कशाला भाड्याने देईल? ती आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि पाणीसुद्धा न पिता गेली. दुसरी आली, तिचंही तेच. तिसरीने तर सरळ विचारलं, "चोरीचा नाही ना?"

म्हणजे घातलेला असेल तर लोकांना किळस येते, आणि घातलेला नसेल तर संशय. खरं काय ते सांगणं तर शक्यच नव्हतं. न झालेल्या लग्नाचा शालू कोण नेसणार?

चौथ्या गिऱ्हाइकाला ताईने सांगितलं, "एकदाच नेसलाय. चांगल्या घरची मुलगी होती, कॅनडाला गेली." शालू लगेच गेला. तेव्हापासून ती कॅनडाची मुलगी आमच्या धंद्याची भागीदार आहे. बायका तिची चौकशी करतात, संसार बरा चाललाय ना विचारतात. ताईलाही बरं वाटतं, दर वेळी ती थोडी भर घालते. परवा ऐकलं तर तिला जुळे झाले होते.

*

ताईने मला कामाला घेतलं ते माझ्या एकाच गुणासाठी. माझा कोणावरच विश्वास बसत नाही. दादाच्या वेळी पाच दिवस सगळे मला सांगत होते, काळजी करू नको, साधा ताप आहे. तेव्हापासून 'काळजी करू नको' म्हणणाऱ्या माणसाकडे मी नीट बघतो.

पहिली आयडिया माझीच होती. कपडा बदलून देतील, आपला ठेवून घेतील आणि तसाच हलका परत करतील, तर आपल्याला कळणार कसं? तुळिंजला आमचे टेलर मास्टर आहेत, रफिकभाई. त्यांच्याकडून प्रत्येक कपड्याच्या आतल्या दुमडीत लाल दोऱ्याचे तीन टाके घालून घेतले. कोणाला दिसणार नाहीत असे. कपडा परत आला की मी पहिले टाके शोधायचो, मग 'या, बसा' म्हणायचो.

वसईच्या एका शाळेतल्या बाई ओढणी परत घेऊन आल्या. मी दुमड उघडली. लाल टाके नाहीत. मी त्यांना बसू दिलं नाही. ही आमची ओढणी नाही, आमची काढा, असं तोंडावर सांगितलं. आवाज चढला, शेजारचे दारात आले. बाई शांतपणे म्हणाल्या, त्यांच्याकडे दुसरी ओढणीच नाही. मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात. सगळे म्हणजे कोण, मलाही माहीत नव्हतं. त्या पहिल्याच होत्या.

ताईने मास्टरना फोन लावला. मास्टर म्हणाले, त्या दिवशी लाल दोरा संपला होता, मरून घातला. मरून ओढणीवर मरून दोरा. चष्मा लावून शोधले तेव्हा तीन टाके सापडले.

संध्याकाळी ताईने मला माफी मागायला त्यांच्या घरी पाठवलं. बाईंनी चहा दिला, वर केळ्याची भजी दिली. म्हणाल्या, "राग नाही रे. परीक्षेला माझ्या वर्गावर असा एक माणूस हवा होता. एक कॉपी सुटली नसती."

माझी शाळा कशामुळे सुटली ते मी त्यांना सांगितलं नाही.

*

पावसाळा सुरू झाला आणि प्री-वेडिंगवाले यायला लागले. एक जोडपं लाल गाऊन न्यायला आलं. मागे चार हात लांब झोळ असतो तो. शूटिंग कुठे, ताईने विचारलं. मुलगा म्हणाला स्टुडिओत. जाता जाता हळूच विचारतो, "हा धुता येतो ना?"

स्टुडिओत कपडे धुवावे लागतात? मी स्कूटर काढली.

ते निघाले ते थेट चिंचोटीच्या दिशेने. कामणच्या पुढे गाडी लावून पायवाटेने ओढ्याकडे उतरले. मी मागे. एका दगडाआडून बघतो तर आमचा गाऊन शेवाळावर आणि नवरदेव पाण्यात एका गुडघ्यावर. मी पुढे होऊन ओरडणार तेवढ्यात फोटोग्राफरने मला पाहिलं. त्याचा मदतनीस आला नव्हता. त्याला वाटलं, बदली आला.

"इतक्या उशिरा येतात का? चल, झोळ पकड. मी तीन म्हटलं की वर उडवायचा आणि फ्रेमच्या बाहेर पळायचं."

तुम्ही म्हणाल, तिथेच सांगायचं होतं. पण त्या मुलीला थंडी वाजत होती, कधी संपतंय असं तिला झालं होतं. मी झोळ पकडला. उडवला, पळालो. परत उडवला, परत पळालो. वीस वेळा तरी. फोटो बाकी सुंदर आले.

दोन दिवसांनी गाऊन परत आला. झोळावर चिखलाचा ठसा, अख्ख्या चपलेचा. ताई भडकली. ठशाचा फोटो काढला, दंडाची पावती लिहायला घेतली. मला म्हणाली, बघ, तुझा संशय खरा होता. मी म्हटलं, जाऊ दे ना ताई, पहिलंच गिऱ्हाईक आहे पावसाळ्यातलं. मी कोणाला जाऊ दे म्हणतोय हे ऐकून तिने पेन खाली ठेवलं. मग माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, चप्पल काढ.

*

चिंचोटीनंतर मला सवयच लागली. महाग कपडा बाहेर गेला की मी त्याच्या मागे जायचो. लग्नात, हळदीला, साखरपुड्याला. कोपऱ्यात उभा राहून पदरावर वरण सांडतंय का, कोणी मूल काठ चघळतंय का, यावर नजर ठेवायची. ताईला हे माहीत नव्हतं. तिला वाटायचं मी मित्रांबरोबर असतो.

विरारच्या एका हॉलमध्ये जांभळी पैठणी होती. नालासोपाऱ्याची मुलगी. घेताना तिने ताईचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं, साडी भाड्याची आहे हे सासरी कळता कामा नये. मी खांबाला टेकून तिच्या पदराकडे बघत होतो. ती उठली की मी उठायचो, ती वळली की मी मान लांब करायचो. तासाभराने एक धिप्पाड गृहस्थ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवतात. मुलाचे मामा.

"तू कोणाकडून?"

मी म्हटलं, मुलीकडून. ते म्हणाले, तेच वाटलं मला. आणि मला चपलांच्या ढिगामागे नेलं. त्यांचा समज असा झाला की मी मुलीचा जुना कोणीतरी आहे, तमाशा करायला आलोय. आणखी दोघे आले. एकाने माझा मोबाइल काढून घेतला. त्यात काय, तर त्याच मुलीचे नऊ फोटो. मी काठाचे काढले होते, पण मुलगी त्यात होतीच.

प्रकरण स्टेजपर्यंत गेलं. नवरी माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. पैठणीवाला म्हणावं तर संसार सुरू व्हायच्या आधीच बोलणी खायची. काहीच म्हणू नये तर मी मार खाणार. त्या मुलीने दोन सेकंद विचार केला.

"अहो मामा, हा माझा मानलेला भाऊ. संदेश. किती उशीर केलास रे?"

मामांनी माझी कॉलर नीट केली. आणि गुरुजी खुश. कानपिळीला नवरीचा भाऊ लागतो, तिला सख्खा भाऊ नव्हता, चुलत भाऊ गाडी पार्क करायला गेला तो आलाच नव्हता. मला पाटाजवळ बसवलं. नवऱ्याचा कान माझ्यासमोर आला.

आता हे कसं सांगू. दादाच्या लग्नात त्याचा कान कोण पिळणार हे ठरलं होतं. वहिनी होणार होती तिचा भाऊ, जिमला जाणारा. दादाने मला बजावून ठेवलं होतं, तो जोरात पिळायला लागला तर तू मध्ये पड. मी आरशासमोर त्याची प्रॅक्टिसही केली होती.

मी त्या नवऱ्याचा कान पिळला. किती वेळ पिळला ते मला आठवत नाही. गुरुजी म्हणाले, "पुरे, पुरे, त्यांना अजून सप्तपदी ऐकायची आहे." सगळे हसले. मलाही शर्टपीस मिळाला, आकाशी रंगाचा.

पैठणी दुसऱ्या दिवशी परत आली. एक डाग नाही.

*

एका कॉलेजात नव्या धंद्यांची स्पर्धा होती. ताईने दहा दिवस खपून लॅपटॉपवर स्लाइड बनवल्या. मी कपड्यांचं कव्हर धरून मागे उभा. पहिल्याच स्लाइडवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'आमचा पाया: विश्वास'.

तीन परीक्षक होते. एकाने विचारलं, कपडा बदलून दिला तर? ताईने उत्तर दिलं. खराब केला तर? त्याचंही दिलं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं, आणि हे काय करतात, असं त्यांनी विचारलं.

ताई तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "संशय."

नंबर काही आला नाही. परतताना ताईने लॅपटॉपही माझ्याच खांद्याला लावला. घरी आल्यावर तिने स्लाइड उघडली. मला वाटलं आता 'विश्वास' काढणार. तिने तो तसाच ठेवला आणि खाली बारीक अक्षरात माझा मोबाइल नंबर टाकला.

*

आता शेरवानी.

तिला गिऱ्हाइकं येत होती, ताईला वाटायचं तशी. कोणाला अंगात होत नव्हती, कोणाला रंग पसंत नव्हता. निदान मी तिला तसं सांगायचो. ताई आतून येईपर्यंत माणूस जिना उतरलेला असायचा. एकाला मी म्हटलं, ही टोचते, मानेवर चट्टे उठतात. एकाला म्हटलं, तुमचा खांदा उतरता आहे, तुम्ही सूट घ्या. तो बिचारा आरशात खांदे बघत गेला.

बोळिंजमध्येच ताईने एक छोटा गाळा बघून ठेवला होता. तिथे मोठं दुकान काढायचं ठरलं होतं, आणि नवरदेवाच्या कपड्यांत आमच्याकडे दाखवण्यासारखं हेच एक होतं. पण तिने शेरवानीच्या मागे लागायचं कारण दुकान नव्हतं, हे मला नंतर कळलं.

तिला माझा संशय आला. ताईला, जी कोणावरच संशय घेत नाही. तिने आपल्या आधीच्या नोकरीतला एक मित्र गिऱ्हाईक म्हणून पाठवला. मी त्याला नेहमीप्रमाणे बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "भाऊ, खरं सांगतो. ही घालून ज्याने लग्न केलं त्याची बायको आठव्या दिवशी पळून गेली." पडद्यामागून ताई बाहेर आली.

तिची कॅनडावाली सुखात होती, माझी पळून गेली. दोघंही खोटं बोलत होतो, त्यामुळे खोटेपणावरून भांडता येईना. ती कपाटाजवळ जाऊन बसली.

"आई या खोलीत येत नाही, बघितलंस का?" ती म्हणाली. "सात महिने. तिच्या साड्या इथे आहेत, तर मला आणायला सांगते."

मी म्हटलं, बघितलंय.

"कपाटात लटकतेय तोपर्यंत ती दादा आहे, संदेश. कोणाच्या तरी अंगावर जाऊन परत आली ना, की शेरवानी होईल. मग आई येईल."

मी उठून बाहेर गेलो. संध्याकाळी परत आल्यावर शेरवानीला 'बुक्ड' अशी चिठ्ठी लावली. सकाळी ताईने काढली. मी पुन्हा लावली. असं नऊ दिवस चाललं.

*

दहाव्या दिवशी इनासकाका आले. वसईकडच्या गावातले वाडीवाले, केळी आणि फुलं करणारे. पंचाहत्तरी ओलांडलेली, पण अंग सडसडीत आणि पाठ सरळ. बरोबर नात, शार्लेट. काकांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, गावच्या चर्चमध्ये त्याचा मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी होता आणि नंतर जेवण. शार्लेटने सगळ्यांच्या कपड्यांची थीम ठरवली होती.

"इंडियन म्हणे," काका मला म्हणाले. "आम्ही काय इतके दिवस जर्मन होतो?"

काकूंचं बरं होतं, त्यांचं स्वतःचं तांबडं लुगडं होतं. काकांच्या अंगाला सूटशिवाय काही माहीत नव्हतं. चिठ्ठी त्या सकाळी ताईने काढलेली होती. शार्लेटने सरळ मोतिया शेरवानीवर बोट ठेवलं.

मी म्हटलं टोचते. काका म्हणाले, वाडीत काटे टोचतात, हे काय टोचणार. मी म्हटलं तुमचा खांदा. पण खांद्याला नाव ठेवायला जागाच नव्हती. ते आत जाऊन घालून आले आणि आरशाकडे तोंड करून उभे राहिले. मी मागे होतो. मागून केस दिसत नव्हते, त्यांनी टोपी काढली नव्हती. मागून दादाच.

माझ्या तोंडून निघून गेलं. "ती माझ्या भावाची आहे. लग्नाच्या आधी गेला तो. कोणीच लग्नात घातलेली नाही ती, कॅनडाबिनाडा सगळं खोटं आहे."

मला वाटलं, आता काढतील. मी तेवढ्यासाठीच बोललो होतो. शार्लेटने मोबाइल खाली केला. ताई मोजपट्टी घेऊन दारात उभी होती, तिने डोळे मिटले. पुढच्या आठवड्यात गाळ्याचं उद्घाटन, आणि गावभर होणार की यांचे कपडे मेलेल्याचे आहेत.

काकांनी शेरवानी काढली नाही. मागचा घोळ हाताने वर धरून, चुरगळू न देता, ते स्टुलावर बसले.

"नाव काय त्याचं?"

मी सांगितलं.

"बापाचं नाव?"

तुकाराम, म्हटलं. बाबा राजापूरला गावी असतात. काकांनी आमचीच पावती मागून घेतली आणि तिच्या मागे हळूहळू दोन्ही नावं लिहिली. कुठे राहायचा, तेही लिहिलं. पावती खिशात घातली, शेरवानी कव्हरमध्ये घेतली आणि गेले.

मला झोप नाही. माणूस नाव कशाला लिहून नेईल? बापाचं नाव कशाला लागतं? फॉर्म आम्ही भरून घेतो, इथे गिऱ्हाईक आमचा भरून घेऊन गेलं. कोणाला दाखवायला? ताई म्हणाली, काळजी करू नको. झालं.

मिस्साच्या दिवशी मी स्कूटरची किल्ली घेऊन निघालो. जिन्यात आई. तिला सगळं माहीत होतं, भिंती पातळ आहेत आमच्या. नवी साडी नव्हती, घरातलीच होती, पण इस्त्रीची.

"मी येते," ती म्हणाली. "कोणी घातलीय ते बघू दे."

चर्चमध्ये आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. दारात फक्त आमच्या दोघांच्या चपला. बाकीचे घालूनच आत आले होते, हे नंतर लक्षात आलं. काका-काकू पुढे मधोमध, पाठ आमच्याकडे. गुडघ्यावर बसायची वेळ आली तेव्हा माझा जीव वर आला, पण काकांनी शेरवानीचा घोळ आधी बाजूला घेतला आणि मग गुडघे टेकले. आई फक्त बघत होती.

मग सगळे उभे राहिले. शार्लेट माइकजवळ गेली, हातात कागद. आजारी माणसांसाठी काहीतरी वाचलं. सगळे एका आवाजात म्हणाले, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." शेतीपाण्यासाठी वाचलं, पुन्हा सगळे म्हणाले. नवीन लग्न झालेल्यांसाठी वाचलं, पुन्हा. मी माणसं मोजत होतो, यातलं कोण कोण आमच्याबद्दल कुजबुजतंय ते बघत होतो.

"आमच्या घरातून देवाघरी गेलेल्यांसाठी," शार्लेटने वाचलं. "आजोबा पास्कू, आजी मारी, काका सायमन, आत्या आग्नेस. आणि बोळिंजचा निलेश, तुकारामचा मुलगा. प्रभूने त्यांना आपल्याजवळ घ्यावं म्हणून आपण प्रार्थना करू या."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

त्यात आईचा आवाज होता. तीन वेळा ऐकून तिला पाठ झालं होतं. माझी माणसं मोजायची राहून गेली.

सगळे खाली बसले. बाकांचा आवाज झाला आणि थांबला. काका-काकू तेवढे उभे होते, त्यांना फादरांकडे काहीतरी घेऊन जायचं होतं. मोतिया पाठ सगळ्यांच्या वर दिसत होती. आईसुद्धा उभीच. आमच्या मागे कोणी नव्हतं, पण बाजूचे बघायला लागले. मी तिचा पदर ओढला, बस म्हटलं.

"थांब," आई म्हणाली. "तो अजून उभा आहे."